शाळेतील पहिली केस : बडोद्यात शालेय मानसशास्त्र शिकणाऱ्यांसाठी

मानसशास्त्रात एम. ए. करून पुढे शाळेत काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकासाठी शाळा मिळाली, की पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षिका एखादे मूल त्याच्यासमोर आणून बसवतात आणि म्हणतात, "याला काहीच येत नाही, जरा आयक्यू काढून द्या." चाचणीची पेटी नुकतीच हाताळायला शिकलेल्याला ती तिथेच उघडण्याचा मोह होतो. तो आवरावा. बडोद्यात पेटी उघडण्याआधी त्या मुलाच्या भाषांचा हिशेब मांडावा लागतो.

दांडिया बाजारातील मराठी घरातले मूल घरी मराठी बोलते, गल्लीत गुजराती, टीव्हीसमोर हिंदी ऐकते आणि वर्गात इंग्रजीत शिकते. पालकांना "तुमची भाषा कोणती?" असे विचारल्यास ते अभिमानाने "मराठी" म्हणतील आणि त्यातून तुमच्या हाती काहीच लागणार नाही. त्याऐवजी मूल आजीशी कोणत्या भाषेत भांडते, पाढे कोणत्या भाषेत म्हणते, एकटे खेळताना स्वतःशी काय पुटपुटते आणि गोष्टीचे पुस्तक हाती दिल्यास कोणत्या भाषेतले उचलते, हे विचारावे. मग प्रत्येक भाषेपुढे ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे यांची स्वतंत्र नोंद करावी. पुष्कळ मुलांना गुजराती अस्खलित बोलता येते, पण वाचता येत नाही. मराठीचेही बऱ्याच घरांत तसेच झाले आहे.

त्यानंतर गेल्या तीन-चार महिन्यांच्या वह्या मागवाव्यात आणि त्या स्वतः चाळाव्यात, शिक्षिकेच्या शेऱ्यांवर विसंबू नये. गुजराती लिपीत शिरोरेषा नसते, त्यामुळे दोन्ही लिप्या शिकणारे मूल कधी मराठी अक्षरांवरची रेष विसरते, तर कधी गुजराती अक्षरांवर ती ओढते. आकड्यांचीही तीच गत आहे. "त्रेचाळीस" म्हणताना मराठीत एकक आधी येते आणि दशक नंतर. इंग्रजीत "फॉर्टी थ्री" म्हणताना दशक आधी येते. इंग्रजी माध्यमातल्या मुलाने "त्रेचाळीस" ऐकून 34 लिहिले, तर "अंक उलटे लिहितो" असा शेरा मारण्यापूर्वी तीच संख्या इंग्रजीत सांगून पाहावी. चूक दोन्ही भाषांत होत असेल, तरच तिची वेगळी दखल घ्यावी.

याबाबतीत माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. शिकत असताना एका शाळेत मी नऊ वर्षांच्या मुलाची अंकस्मरणाची, म्हणजे ऐकलेले अंक परत म्हणून दाखवण्याची, उपचाचणी मराठीतून घेतली, कारण त्याच्या प्रवेश-अर्जावर मातृभाषा मराठी लिहिली होती. चार अंकांपुढे तो गेला नाही, आणि मी "स्मरण क्षीण" असे लिहून मोकळा झालो. माझ्या मार्गदर्शक बाई मागे बसल्या होत्या. त्यांनी नंतर विचारले, "त्याच्या ओठांकडे पाहिलंस का?" मी पाहिले नव्हते. मी "पाच, दोन, आठ" म्हणत असताना तो प्रत्येक अंकाचे मनातल्या मनात "फाइव्ह, टू, एट" करत होता आणि मग परत मराठीत उत्तर देत होता. दुसऱ्या दिवशी वेगळ्या अंकमालिका इंग्रजीत दिल्यावर तो सहा अंकांपर्यंत गेला. दुसऱ्या वेळी सरावाचाही थोडा फायदा मिळतो, म्हणून मूळ गुण बदलता येत नाहीत. पण अहवालात हे निरीक्षण त्या गुणांहून मोलाचे ठरले.

चाचणीची निवड या हिशेबानंतर करावी. मॅलिन यांची भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन श्रेणी 6 ते 15 या वयोगटासाठी आहे आणि तिचे शाब्दिक व कृती (हाताने करून दाखवण्याचा) असे दोन भाग आहेत. त्या दोन भागांत मोठी तफावत दिसली, तर आधी भाषेवर शंका घ्यावी. भाषेचा गुंता जास्त असल्यास लहान मुलांसाठी रेव्हनच्या रंगीत आकृत्या (आकृतीतला गाळलेला तुकडा ओळखण्याची चाचणी) आणि 11 ते 16 वयासाठी भाटिया यांची कृतिचाचणी हाताशी असावी. बिने-कामत चाचणी मराठी माणसाला जवळची वाटते, कारण व्ही. व्ही. कामत यांनी ती 1934 साली मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. पण इतक्या जुन्या निकषांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यांक ठरवताना हात जरा आखडता घ्यावा. आणि हे सगळे डोळे व कान तपासून घेतल्यानंतरच. फळा न दिसणाऱ्या मुलांची बुद्धी मोजण्यात आपण फार वेळ घालवतो.

वेळही जपून निवडावी. नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत गरबा पाहून सकाळच्या पाळीत आलेल्या मुलाला वेगाची उपचाचणी देऊ नये.

अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन, लेखन वा गणित शिकण्यातल्या विशिष्ट अडचणीचा, संशय असेल, तर उतावीळपणा टाळावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत ती येते, मात्र तिचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतरच मिळते आणि 14 व्या व 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. प्रमाणपत्र देणे तुमचे काम नाही. योग्य रुग्णालयाकडे पाठवताना वाचन-लेखनाचे नमुने सोबत जोडणे, हे मात्र आहे.

पालकांची लेखी संमती घ्यावीच, पण मुलालाही त्याच्या भाषेत सांगावे की ही परीक्षा नाही आणि नको वाटल्यास थांबता येईल. त्याने सांगितलेले गुप्त राहील असे सरसकट वचन मात्र देऊ नये. लैंगिक अत्याचाराची माहिती वा शंका आल्यास 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण) कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे बंधन प्रात्यक्षिकाला आलेल्या विद्यार्थ्यालाही लागू आहे. अशी वेळ येण्याआधीच मार्गदर्शकांशी आणि मुख्याध्यापकांशी बोलून पुढची पावले ठरवून ठेवावीत.

अमेरिकेत शालेय मानसशास्त्रज्ञाच्या राष्ट्रीय निकषांत 1200 तासांची इंटर्नशिप आणि त्यांतले किमान 600 तास शाळेत, अशी अट आहे. आपल्याकडे या नावाचा वेगळा परवाना नाही आणि शाळेची जाहिरात बहुधा "काउन्सेलर" अशीच येते, म्हणून तासांची वही स्वतःच ठेवावी : तारीख, मुलाचे नाव न लिहिता दिलेला क्रमांक, केलेले काम, मार्गदर्शकांची सही. भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी नसताना सहीखाली "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" लिहू नये, मग शाळेने कितीही आग्रह धरो.

अहवाल दोन पानांच्या वर जाऊ देऊ नये. "शाब्दिक क्षमता सरासरीपेक्षा कमी" हे वाक्य शिक्षिकेच्या काही उपयोगाचे नाही. "इंग्रजीतला शाब्दिक गणिताचा प्रश्न एकदा मराठीत सांगितल्यावर पाचपैकी चार सोडवतो, म्हणून चाचणी परीक्षेत प्रश्न वाचून दाखवावा" हे तिला सोमवारी वर्गात वापरता येते. पालकांना निष्कर्ष मराठीतच समजवावेत आणि बुद्ध्यांकाचा आकडा शेवटी सांगावा, नाहीतर पुढचे काही त्यांच्या कानावर पडत नाही. घरातली वडीलधारी मंडळी बहुधा "मग आता घरी इंग्रजीच बोलायचं का?" असे विचारतात. घरातली मराठी बंद करू नका, उलट आजीने रोज एक गोष्ट वाचून दाखवावी, असे त्यांना स्पष्ट सांगावे आणि सहा आठवड्यांनी पुन्हा त्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसावे.