रेसच्या मोटारसायकलवरचा नंबर: वाचता न येणाऱ्या प्लेटमागच्या चुका टाळा

डर्ट ट्रॅकच्या स्पर्धेत लॅप मोजणाऱ्यांचे टेबल शेवटच्या रेषेसमोर, साध्या मांडवाखाली असते. तेथे माणसे जोडीने बसतात. एक जण ट्रॅकवरची नजर न हलवता नंबर पुकारतो आणि दुसरा मान वर न करता ते तक्त्यात उतरवतो. काही हंगाम मी पुकारणाऱ्याच्या खुर्चीत बसलो आहे. ‘माझी एक लॅप (ट्रॅकची फेरी) खाल्ली’ अशी तक्रार घेऊन रायडर टेबलाशी आला, की मी आधी त्याची गाडी पाहायला जात असे आणि बहुतेक वेळा कारण तिथेच दिसे. नंबर मोठ्या हौसेने करून घेतलेला असे, त्यावर पैसेही बरेच गेलेले असत. मात्र धुळीतून येणाऱ्या आठ गाड्यांच्या घोळक्यात तो वाचता येईल की नाही, याचा विचार करायचा राहून गेलेला असे.

यावर हमखास मिळणारे उत्तर म्हणजे, ‘आता ट्रान्सपॉन्डर असतो, नंबर कोण वाचतो?’ ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रेषा ओलांडताच आपोआप नोंद करणारे गाडीवरचे छोटे यंत्र, असतो हे खरे; पण त्याची बॅटरी उतरते, उडी मारून गाडी आदळली की त्याची क्लिप तुटते आणि ऐनवेळी गाडी बदलली तर तो जुन्याच गाडीवर राहतो. शिवाय रेषा केव्हा ओलांडली, एवढेच तो सांगतो. पिवळा झेंडा दाखवून ओव्हरटेकला मनाई असताना कोणी ओव्हरटेक केले किंवा वळण सोडून कोणी आतून गाडी काढली, हे तेथे उभा असलेला मार्शल डोळ्यांनी पाहतो आणि वायरलेसवर नंबरच सांगतो. त्याने तेहतीसच्या जागी अडतीस सांगितला, तर दंड भलत्याच माणसाला बसतो.

आकार अंदाजाने ठरवणे

आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या, म्हणजे एफआयएमच्या मोटोक्रॉस (मातीच्या, उंचसखल ट्रॅकवरील शर्यत) नियमांत पुढच्या प्लेटवरील आकड्यासाठी किमान १४० मिमी उंची, ७० मिमी रुंदी आणि २५ मिमी जाडीची रेघ, तर बाजूच्या प्लेटवर किमान १०० मिमी उंची, अशी मापे वर्षानुवर्षे दिलेली आहेत. आपल्याकडच्या स्पर्धेचे नियमपत्रक त्या त्या वर्षी वेगळे काही सांगत असेल तर तेच पाळायचे. पण ही मापे अशी का आहेत, हे समजून घेतले तर पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

रस्त्यावरील दुचाकीच्या मागच्या प्लेटवर आकड्याची उंची ४० मिमी आणि जाडी ७ मिमी असली, तरी केंद्रीय मोटार वाहन नियमांना ती पुरते, कारण ती प्लेट मुख्यतः सिग्नलला थांबलेल्या गाडीवर, चार पावलांवरून वाचायची असते. लांबून वाचण्यासाठी महामार्गांवरील फलकांचा एक ठोकताळा उपयोगी पडतो: एक इंच उंचीचे अक्षर ३० फुटांवरून वाचता येते, असे धरावे. १४० मिमी म्हणजे साडेपाच इंच, म्हणजे १६५ फूट, म्हणजे सुमारे ५० मीटर. ताशी ७२ किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २० मीटर कापते. पुकारणाऱ्याच्या हाती अडीच सेकंद उरतात, तेही गाडी एकटी असेल आणि प्लेट स्वच्छ असेल तरच. पुढचा आकडा जाहिरातीला जागा करून देण्यासाठी १०० मिमीचा केला, की हे अंतर ३६ मीटरवर आणि वेळ पावणेदोन सेकंदांच्या आसपास येतो. त्या वेळात आठ नंबर पुकारायचे असतील, तर आपला नंबर त्यांतला आठवा असू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

तीन आकडी नंबर घेणाऱ्यांना इथेच अडचण येते. ७० मिमीचे तीन आकडे आणि मधली १५ मिमीची दोन अंतरे मिळून २४० मिमी होतात, आणि हल्लीच्या अरुंद पुढच्या प्लेटवर ते बसत नाहीत, म्हणून रेडियमवाला ते मापाखाली आवळतो. नोंदणीच्या वेळी निवड करता येत असेल, तर दोन आकडी नंबर मागावा. वडिलांचा लकी नंबर तीन आकडी असेल, तर तो हेल्मेटवर घालावा.

फॉन्टची हौस

रेघ २५ मिमीची आणि आकडा ७० मिमी रुंदीचा असेल, तर इंग्रजी आठच्या आतल्या भोकाला रुंदीत फक्त २० मिमी उरतात. उंचीत तीन आडव्या रेघा वजा केल्या, की प्रत्येक भोकाला जेमतेम ३२ मिमी मिळतात. म्हणजे काडेपेटीपेक्षाही लहान अशा दोन खिडक्यांवर आठ हा आठ म्हणून ओळखला जातो. आता या आकड्याला आतून-बाहेरून सहा मिमीची चंदेरी बॉर्डर द्या: खिडकी आठ मिमीची होते आणि वीस मीटरवरून तो आकडा म्हणजे नुसता काळा ठोकळा दिसतो. जागतिक सुपरबाइक स्पर्धांच्या नियमांत बॉर्डर तीन मिमीपेक्षा जाड नसावी, तिचा रंग वेगळा उठून दिसावा आणि आकडे एकमेकांवर चढू नयेत, असे जे म्हटले आहे ते याचसाठी. एफआयएमने सुचवलेले फ्युचरा हेवी किंवा युनिव्हर्स बोल्ड यांसारखे फॉन्ट दिसायला रुक्ष आहेत, हे मान्य. पण त्यांतल्या खिडक्या उघड्या राहतात. जागा असेल तर आकडा ८५-९० मिमी रुंद करावा, मात्र रेघ २५ मिमीचीच ठेवावी.

गोंधळ होणाऱ्या जोड्या ठरलेल्या आहेत: तीन आणि आठ, पाच आणि सहा, शून्य आणि आठ, एक आणि सात. तिरपा इटॅलिक फॉन्ट, टोकांना निघालेल्या आगीच्या ज्वाळा आणि फाटल्यासारखी कड यांमुळे नेमका याच जोड्यांमधला फरक पुसला जातो. इंग्रजी एक हा सरळ उभा पट्टा असावा. त्याला वर चोच दिली की तो सात होऊ लागतो. सातच्या पोटात आडवी रेघ मारण्याची युरोपीय पद्धत आहे. १९७६ आणि १९७७ मध्ये ५०० सीसी गटाचा जगज्जेता ठरलेला बॅरी शीन तसाच सात लावत असे आणि विजेत्याचा एक नंबर मिळत असूनही त्याने सातच ठेवला. एकटाच सात असेल तर ती रेघ शोभते. सतरा किंवा एकाहत्तरमध्ये मात्र ती शेजारच्या आकड्याला जाऊन चिकटते.

मोटोजीपी या जागतिक मालिकेत गाजलेल्या रॉसीचा ४६ किंवा मार्केझचा ९३ जसाच्या तसा उतरवून आणणारे बरेच असतात. तिथल्या शर्यतीला डझनावारी कॅमेरे असतात आणि पडद्यावर नाव लिहून येते. आमच्या टेबलावर एक दुर्बीण असते, तीही कधी कधी. आपल्याकडे ४१४१ चा ‘दादा’ आणि ८०५५ चा ‘बॉस’ करण्याची जुनी हौस आहे. रस्त्यावर त्यासाठी पावती फाटते, ट्रॅकवर लॅप जाते.

रंग आणि रेडियमचा मोह

प्लेटचा रंग ही रायडरच्या आवडीची बाब नसून बऱ्याच ठिकाणी तो गट सांगतो. जुन्या ग्रां प्री शर्यतींत ५०० सीसीला पिवळ्यावर काळा, ३५० ला निळ्यावर पांढरा, २५० ला हिरव्यावर पांढरा आणि १२५ ला काळ्यावर पांढरा असा क्रम होता. मोटोक्रॉसच्या जागतिक मालिकेत गुणतालिकेत आघाडीवर असलेल्याला लाल प्लेट मिळते. त्यामुळे केवळ गाडी लाल आहे म्हणून प्लेट लाल करून आणू नये. रंगाची मोकळीक असेल, तर पांढऱ्यावर किंवा पिवळ्यावर काळा आकडा घ्यावा. काळ्यावर लाल हा मेळ दुकानात झकास दिसतो आणि ढगाळ दुपारी काळ्यावर काळा होतो. शंका असेल, तर मोबाइलवर प्लेटचा फोटो काढून तो कृष्णधवल करावा. तेथे आकडा करडा दिसला, तर ट्रॅकवरही तो तसाच दिसणार.

आपल्याकडे स्टिकर कापणाऱ्याला सर्रास रेडियमवाला म्हणतात आणि तोही सवयीने चमकणारी शीटच काढतो. ही शीट रात्री हेडलाइटच्या उजेडात उत्तम, कारण ती प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवते. पण सूर्य आमच्या पाठीशी असताना पांढरी चमकणारी प्लेट पेटून उठते आणि आकडा तिच्यात विरघळतो. आरशासारख्या क्रोम शीटची तर बातच नको. परावर्तक आणि आरशासारखे आकडे वर उल्लेखलेल्या सुपरबाइक नियमांत चालत नाहीत. दुकानात ‘मॅट व्हिनाइल’ (न चमकणारी स्टिकरची शीट) असे स्पष्ट सांगावे, आणि आकड्याच्या चारही बाजूंना २५ मिमीपर्यंत प्रायोजकाचे नाव येणार नाही, हे कटिंगला देण्यापूर्वी संगणकाच्या पडद्यावरच पाहून घ्यावे.

सोललेली, झाकलेली आणि झुकलेली प्लेट

पहिल्या हीटनंतरच (प्राथमिक शर्यतीनंतरच) आकड्याची कड सुटत असेल, तर दोष बहुधा चिकटवण्यात असतो. मोटोक्रॉस गाडीचे प्लास्टिक हे पॉलिप्रोपिलीन असते आणि त्यावर साधा गोंद धरत नाही. कारच्या काचेचे व्हिनाइल तेथे टिकत नाही, मोटोक्रॉससाठीचे जाड, घट्ट धरणाऱ्या गोंदाचेच लागते. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, पेट्रोलने पुसून त्यावर लगेच स्टिकर लावू नये. आकड्यांच्या शीटचे कोपरे गोल कापावेत, कारण प्रेशरच्या पाण्याची धार टोकदार कोपऱ्याखालीच आधी शिरते. स्टिकर आदल्या दिवशी लावावा, पॅडॉकमध्ये (गाड्या तयार करण्याच्या आवारात) शर्यतीच्या सकाळी नव्हे.

कोनाकडे फारसे कोणी पाहत नाही. पुढची प्लेट उभ्या रेषेपासून ३० अंशांपर्यंत मागे झुकली, तर १४० मिमीचा आकडा समोरून १२१ मिमीचा दिसतो आणि तेवढे चालते. हेडलाइट काढून घरीच पत्र्याची प्लेट ठोकलेल्या गाड्यांवर मात्र ती ६० अंशांपर्यंत आडवी झालेली मी पाहिली आहे. त्या कोनात १४० चा आकडा ७० मिमीचा उरतो. ब्रेकची केबल आकड्यावरून गेलेली असणे हीदेखील नेहमीची गोष्ट: तीनच्या डाव्या बाजूने काळी केबल खाली उतरली, की तयार झालेला आठ आम्ही इमानदारीत तक्त्यात लिहितो. केबल प्लेटच्या मागून घ्यावी. बाजूच्या प्लेटवर बुटाची टाच किंवा गुडघा येत नाही ना, हे रायडरला गाडीवर बसवूनच तपासावे.

चिखलाला पक्का उपाय नाही. दोन हीटच्या मध्ये ओले फडके फिरवावे आणि प्लेटवर सिलिकॉन स्प्रेचा पातळ हात द्यावा. बाकी मग पाठीवरच्या नंबरवर भिस्त ठेवावी लागते, म्हणून तोही प्लेटवरच्याच फॉन्टमध्ये असावा.

एक चूक टेबलाच्या बाजूचीही आहे, तीही सांगायला हवी. मराठी हाताला देवनागरी आकडे सहज येतात, आणि घाईत लिहिलेला मराठी एक इंग्रजी नऊसारखा व मराठी चार इंग्रजी आठसारखा दिसतो. एकाच तक्त्यावर दोघांनी दोन लिप्यांत लिहिले, की एकेचाळीसचा एकोणनव्वद व्हायला वेळ लागत नाही. लिपी कोणतीही चालेल, पण दिवसभर एकच. लॅपबद्दल शंका असलेल्या रायडरने तक्ता पाहताना हेही विचारावे.

नवीन प्लेट तयार झाली, की गाडी स्टँडवर उभी करून ५० मीटर, म्हणजे साधारण ७० पावले मागे जावे, आणि आपला नंबर माहीत नसलेल्या माणसाला, शक्यतो चष्मा लावणाऱ्या काकांना, तेथून तो ओरडून सांगायला लावावे. ते एकदाही अडखळले, तर स्टिकर परत करून घ्यावा. हत्यारांच्या पेटीत आकड्यांचा एक जादा संच आणि एक इंची काळी कापडी टेप असावी; तिची रुंदी नियमातल्या रेघेएवढीच असते, त्यामुळे फाटलेला एक, चार किंवा सात तिने पाच मिनिटांत उभा करता येतो. पडल्यामुळे प्लेट मोडली आणि मित्राची गाडी घ्यावी लागली, तर त्याचा नंबर आधी पूर्ण झाकून आपला लावावा आणि ग्रीडवर (सुरुवातीच्या रांगेत) जाण्यापूर्वी टेबलापाशी येऊन तसे सांगावे. तक्त्यात दुरुस्ती करायला आम्हाला दोन मिनिटे लागतात, आणि झेंडा पडल्यावर ती मिळत नाहीत.