महिला समुपदेशन केंद्राच्या सुधारणेत तरुण मुलामुलींना कसे सामील करून घ्यावे

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 खाली अर्ज आईच्या नावाने होतो. पण तिच्या शेजारी बसून तो वाचून दाखवणारी आणि मारहाणीच्या तारखा आठवून सांगणारी अनेकदा तिची दहावी-बारावीतली मुलगी असते. समुपदेशन केंद्राचा किंवा संरक्षण अधिकाऱ्याच्या (या कायद्याखाली पीडित महिलेला मदत करण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयाचा कारभार अशा मुलांनी जवळून पाहिलेला असतो. तो सुधारायचा असेल, तर त्यांचे मत पद्धतशीरपणे घ्यावे.

ज्या घरात मुलांच्या ताब्याचा किंवा पोटगीचा वाद न्यायालयात चालू आहे, तेथील मुलांना बोलावू नये, कारण ‘केंद्रात काय बोललास’ हा प्रश्न त्यांना दोन्हीकडून विचारला जातो. ज्यांचे घर सावरून काही काळ लोटला आहे, अशी 16 ते 22 वयाची पाच-सहा मुले पुरतात. त्यांत मुलगेही असावेत. ठरावीक वयापुढच्या मुलाला निवारागृहात आईसोबत ठेवून घेत नसल्याने त्यांची अडचण निराळी असते. महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक मदतीला जरूर घ्यावेत, परंतु त्यांना या मुलांच्या जागी बसवू नये.

अठरा वर्षांखालील मुलांसाठी आईची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार असे दोन्ही घ्यावे. कोणत्या क्रमांकावर, किती वाजता फोन करायचा हे त्यांनाच ठरवू द्यावे आणि संदेशात केंद्राचे नाव लिहू नये, कारण घरातला फोन कोणाच्या हातात असेल ते सांगता येत नाही. गुप्ततेची मर्यादाही पहिल्याच बैठकीत स्पष्ट करावी: अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावेच लागते. हे आधी न सांगता मुलांना बोलते करणे ही फसवणूक ठरते.

बैठकीत ‘तुझ्या घरी काय झाले’ असे विचारू नये. त्याऐवजी केंद्रातल्या वस्तू आणि कागद त्यांच्यापुढे ठेवावेत. एसटी स्टँडपासून केंद्रापर्यंत चालत येऊन दारावरची पाटी, बसायचे बाक आणि वेळापत्रक पाहायला सांगावे. शाळा सुटण्यापूर्वीच कार्यालय बंद होत असेल, तर ते त्यांच्या लगेच लक्षात येते. त्यानंतर कौटुंबिक घटना अहवालाचा, म्हणजे हिंसाचाराची तक्रार ज्यात नोंदवतात त्या अर्जाचा, कोरा नमुना द्यावा. त्यातल्या मुलांच्या तपशिलाच्या भागात त्यांची संख्या, नाव, वय, लिंग आणि सध्या कोणाकडे राहतात एवढेच विचारले आहे. शिक्षण थांबले का, दाखला आणि पुस्तके सासरी अडकली का, यासाठी रकाना नाही. नमुना याच कायद्याखालील 2006 च्या नियमांनी ठरलेला असल्याने केंद्राला तो बदलता येत नाही. मात्र केंद्राच्या नोंदीसाठी एक पुरवणी पान या मुलांकडूनच तयार करून घेता येते. माझ्या मते संपूर्ण उपक्रमातले सर्वांत उपयोगी काम हेच आहे.

प्रवासखर्च, खाणे आणि मानधन त्याच दिवशी रोख द्यावे, परीक्षेच्या काळात बैठक ठेवू नये आणि शेजारच्या खोलीत समुपदेशक हजर असावी. महिन्याभरात मुलांना पुन्हा बोलावून कोणती सूचना अमलात आली, कोणती नाही आणि कोणाच्या आदेशाअभावी अडली, हे सांगावे. एखादे मूल येईनासे झाले, तर त्याने दिलेल्या वेळीच एकदा फोन करावा आणि कारण विचारू नये.