आउटपुट चिकटवलं म्हणजे कोष्टक झालं नाही: मानसशास्त्राच्या प्रबंधात या चुका टाळा

एम.ए.चा प्रकल्प असो की पीएच.डी.चा प्रबंध, ‘विश्लेषण व अर्थनिर्वचन’ हे प्रकरण बहुधा घाईत उरकलं जातं. चाचण्या भरून घेण्यात महिने गेलेले असतात, गाईड रोज तारीख विचारत असतात आणि एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरने आकड्यांची आयती चौकट, म्हणजे आउटपुट, समोर ठेवलेलं असतं. ती कॉपी करायची, वर्डमध्ये चिकटवायची, वर ‘कोष्टक क्र. ४.३’ असं लिहायचं, झालं. पण आउटपुट असतं संशोधकाच्या कामासाठी आणि कोष्टक असतं वाचकासाठी. वाचकाला तुमचे आकडे स्वतः ताडून पाहता आले पाहिजेत. खालच्या बहुतेक चुकांनी नेमकी तीच वाट बंद होते.

चुकीच्या रकान्यातला ‘सिग.’ उचलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून तिच्यावर जरा थांबू. एसपीएसएस पी-मूल्याला ‘सिग.’ म्हणतं. गटांत खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता म्हणजे पी-मूल्य. दोन स्वतंत्र गटांच्या मध्यमानांची (सरासरींची) तुलना करणाऱ्या टी-चाचणीचं आउटपुट रुंद असतं. त्यात डावीकडे आधी लेव्हीनची चाचणी येते: एफ हे तिचं मूल्य आणि त्याचा सिग. ही चाचणी दोन्ही गटांचं प्रचरण (गुणांचा विखुरलेपणा) सारखं आहे का, एवढंच सांगते. टी, स्वाधीनता मात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम, गटांच्या आकारावरून ठरणारी संख्या) आणि खरं पी-मूल्य त्याच्या उजवीकडे असतं. घाईत पहिला दिसलेला सिग. उचलला जातो आणि निष्कर्षच उलटतो.

समजा, प्रत्येकी ३० विद्यार्थ्यांचे दोन गट आहेत. पहिल्याचं मध्यमान ४२.३, प्रमाण विचलन ६.८, दुसऱ्याचं ३८.६ आणि ७.४. यातून टी येतो २.०२, स्वाधीनता मात्रा ५८, पी = .०४८. लेव्हीनचा सिग. समजा .५७९ आहे. कोष्टकात टी २.०२ आणि पी .५७९ शेजारी शेजारी छापले गेले, तर जाणकार परीक्षकाला ते एका नजरेत खटकतं, कारण ५८ मात्रांवर २ च्या थोडं वर गेलेलं टी-मूल्य .०५ या रूढ मर्यादेच्या किंचित खालीच पी देतं.

त्याच आउटपुटमध्ये दोन ओळी असतात: प्रचरण समान मानून आणि न मानून. दुसऱ्या ओळीत स्वाधीनता मात्रा अपूर्णांकात येते. वरच्या उदाहरणात ती ५७.५९ येईल. ही छपाईची चूक समजून कुणी ती ५८ करून टाकतं. तसं करू नका, ५७.५९ असंच द्या. पण टी एका ओळीतला आणि मात्रा दुसऱ्या ओळीतली, अशी सरमिसळ मुळीच नको.

कोष्टकात परिणामाचं आकारमानही हवं. इथे कोहेनचा डी, म्हणजे मध्यमानांतला फरक प्रमाण विचलनाच्या किती पट आहे ते, ०.५२ येतो. मध्यमानांतला ३.७ गुणांचा फरक मोठा की छोटा, हे नुसत्या पी-मूल्यावरून कळत नाही.

सहसंबंधाची अख्खी चौकट छापणं

पाच चलांचा सहसंबंध (कोणती दोन चलं किती एकत्र बदलतात ते) काढला की एसपीएसएस पाच गुणिले पाच घरं देतं आणि प्रत्येक घरात तीन आकडे: सहसंबंध गुणक, सिग. आणि एन (किती जणांचे गुण धरले ते). फक्त कर्णावरच्या पाच घरांत सिग. रिकामा असतो. म्हणजे ७० आकडे, आणि त्यांतले वेगळे सहसंबंध फक्त १०! कर्णाच्या वरचा भाग हा खालच्याच भागाचं प्रतिबिंब असतो, आणि कर्णावरचा १ म्हणजे चलाचा स्वतःशीच सहसंबंध. एकच अर्धा त्रिकोण ठेवा, कर्णावर आडवी रेघ द्या आणि मध्यमान व प्रमाण विचलन त्याच कोष्टकात घ्या. असं कोष्टक वाचणाऱ्याला अर्धा अभ्यास तिथेच कळतो.

एन मात्र डोळे मिटून काढून टाकू नका. एसपीएसएस आपणहून जोडीनिहाय गाळणी लावतं. एखाद्याने एकच चाचणी अर्धवट सोडली असेल, तर तो काही सहसंबंधांत असतो आणि काहींत नसतो. एन बदलत असेल तर किती ते किती, हे टिपेत लिहा. लक्षणीय सहसंबंधांवरच्या तारांकनाचा अर्थही टिपेतच द्यायचा. खाली खुलासा नसलेले तारे वाचकाच्या काहीच कामाचे नाहीत.

पी = .०००

हे अजूनही सर्रास छापलं जातं. पी-मूल्य शून्य नसतं. एसपीएसएसने तीन दशांशांपर्यंत गोल केल्यामुळे तसं दिसतं. लिहायचं पी < .००१. इतर ठिकाणी पी = .०३१ असं नेमकं मूल्य द्या. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या, म्हणजे एपीए शैलीच्या सातव्या आवृत्तीत दशांशचिन्हाआधीच्या शून्याचा नियम सोपा आहे: जे मूल्य १ च्या पुढे जाऊच शकत नाही, उदाहरणार्थ पी किंवा सहसंबंध गुणक, त्याआधी शून्य नको. मध्यमान, प्रमाण विचलन, टी, डी यांना शून्य हवं. टी, एफ आणि सहसंबंध दोन दशांशांपर्यंत पुरे. ४२.२६६७ असं मध्यमान छापल्याने अचूकता वाढत नाही, वाचणं तेवढं अवघड होतं.

आपल्याकडे जुन्या प्रबंधांतून उतरत आलेली एक सवयही आता सोडायला हवी: मिळालेल्या टी-मूल्याशेजारी ‘कोष्टक मूल्य’ हा वेगळा रकाना. हाताने गणित करून पुस्तकामागचा तक्ता बघावा लागायचा, तेव्हा त्याची गरज होती. नेमकं पी-मूल्य दिल्यावर तो रकाना नुसती जागा अडवतो.

रेघा, शीर्षक, पान

एपीए शैलीत उभ्या रेघा नसतात. आडव्या रेघाही मोजक्याच: रकान्यांच्या नावांच्या वर आणि खाली एकेक, आणि कोष्टकाच्या तळाशी एक. क्रमांक ठळक, त्याखालच्या ओळीत तिरप्या अक्षरांत शीर्षक. मराठी प्रबंधात देवनागरी तिरपी करण्याचा अट्टहास मी करणार नाही, ती वाचायला त्रासच देते. विभागाचा नियम विचारून घ्या आणि शेवटपर्यंत एकच पद्धत ठेवा. आकड्यांचंही तेच: एका कोष्टकात देवनागरी आणि पुढच्यात इंग्रजी अंक, असं नको.

आउटपुटचं छायाचित्र चिकटवणं तर पूर्ण टाळा. त्यातला आकडा दुरुस्त करता येत नाही आणि छपाईत तो पुसट होतो.

काही अडचणी तांत्रिक असतात. एक्सेल ३.४० चं ३.४ करून टाकतं. घरांना दोन दशांशांचं स्वरूप आधीच द्या. वर्डमध्ये स्पेसबार दाबत आकडे एकाखाली एक आणू नका, फॉन्ट बदलला की सगळं विस्कटतं. दशांश टॅब वापरा. ऋण चिन्हासाठी साधा हायफन टाकला तर अरुंद रकान्यात तो ओळीच्या शेवटी राहतो, आकडा खाली उतरतो आणि ऋण सहसंबंध धन वाटू लागतो. विंडोजवरच्या वर्डमध्ये २२१२ टाइप करून ऑल्ट-एक्स दाबा, खरं वजाचिन्ह येतं. मात्र हे चार अंक इंग्रजी कळफलकावरूनच टाका. कोष्टक दुसऱ्या पानावर जात असेल तर ‘रिपीट हेडर रोज’ चालू करा.

कोष्टकाखाली कोष्टकच पुन्हा वाचून दाखवणं

‘वरील कोष्टकावरून असे दिसून येते की’ म्हणून सुरुवात करायची आणि प्रत्येक घरातला आकडा वाक्यात उतरवायचा, यातून पानं भरतात, अर्थनिर्वचन होत नाही. मजकुरात दिशा सांगा, फरक केवढा आहे ते सांगा आणि परिकल्पनेचं काय झालं ते लिहा. पी .०५ हून मोठा आला तर शून्य परिकल्पना (फरक किंवा संबंध नाही ही मांडणी) सिद्ध झाली असं नसतं. ती फेटाळण्याइतका पुरावा मिळाला नाही, एवढंच.

जमा करण्याआधीची तपासणी

एक हिशेब प्रत्येकाने करावा. २५ जणांनी एकाच प्रश्नाला १ ते ५ मध्ये पूर्णांकात उत्तर दिलं असेल, तर मध्यमान ०.०४ च्या पटीतच येणार. ३.४८ शक्य आहे, कारण बेरीज ८७ होते. ३.४७ अशक्य आहे, कारण त्यासाठी बेरीज ८६.७५ लागेल. निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स यांनी मांडलेली ही ग्रिम चाचणी कागद-पेन्सिलीवर होते आणि टायपिंगची चूक चटकन पकडते.

दुसरं साधन म्हणजे स्टॅटचेक, छापलेलं पी-मूल्य पुन्हा मोजून ताडणारी संगणकीय आज्ञावली. मिशेल नाउटेन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मानसशास्त्राच्या आठ नियतकालिकांतले १९८५ ते २०१३ या काळातले लेख त्याने तपासले. सुमारे निम्म्या लेखांत किमान एक पी-मूल्य आपल्याच टी किंवा एफशी जुळत नव्हतं. मात्र स्टॅटचेक वाक्यांत एपीए पद्धतीने लिहिलेले निकालच वाचतं. कोष्टकातले आकडे त्याच्या नजरेतून सुटतात. ते मूळ आउटपुट शेजारी ठेवून, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने ताडायचे.