घशाचा कॅन्सर: स्वरयंत्र वाचवताना गिळणंही कसं टिकवायचं

घशाच्या किंवा स्वरयंत्राच्या कॅन्सरचं निदान झालं की घरातले विचारतात, "ऑपरेशनशिवाय बरं होईल का?" आणि लगोलग, "आवाज राहील ना?" याच वेळी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, तो बहुतेक राहून जातो: उपचार संपल्यावर तोंडाने जेवता येईल का? स्वरयंत्र जागेवर राहिलं, पण पाण्याचा प्रत्येक घोट श्वासनलिकेत उतरतोय आणि पोटातली नळी कायमची झालीय, तर अवयव फक्त स्कॅनवर वाचला. माणसाच्या उपयोगाला तो आला नाही. आवाज, श्वास आणि गिळणं ही तिन्ही कामं चालू राहिली तरच घसा वाचला म्हणायचं. त्यातलं गिळणं टिकवण्याचं बरंचसं काम रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हातात असतं.

ऑपरेशन टाळायचं की करायचं

स्वरयंत्र न काढता उपचार करता येतात, हे मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा दाखवलं ते १९९१ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या अभ्यासाने. ३३२ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीप्रमाणे ऑपरेशन आणि रेडिएशन दिलं, निम्म्यांना आधी केमो आणि मग रेडिएशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांत ६८ टक्के रुग्ण हयात होते आणि दुसऱ्या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचं स्वरयंत्र शाबूत होतं. २००३ साली पुढची पायरी आली. केमो आणि रेडिएशन एकाच वेळी दिलं तर दोन वर्षांनी ८८ टक्के रुग्णांचं स्वरयंत्र टिकलं. आधी केमो देऊन मग रेडिएशन दिलेल्यांत हे प्रमाण ७५ टक्के होतं आणि नुसतं रेडिएशन दिलेल्यांत ७०. त्याच रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा मात्र एकत्र उपचार घेतलेल्या गटात कॅन्सरखेरीज इतर कारणांनी झालेले मृत्यू जास्त निघाले. ही पद्धत चांगली आहे, पण ती सोपी नाही आणि सगळ्यांसाठीही नाही.

गाठ स्वरयंत्राची कूर्चा फोडून बाहेर गेली असेल, तर आम्ही ऑपरेशनच्या बाजूने आहोत. १९९१ च्या त्याच अभ्यासात टी४, म्हणजे गाठ सगळ्यात जास्त पसरलेल्या अवस्थेतल्या ५६ टक्के रुग्णांचं स्वरयंत्र नंतर काढावंच लागलं, आणि रेडिएशन झालेल्या मानेवरचं ऑपरेशन जास्त अवघड असतं, जखमही उशिरा भरते. उपचारांआधीच श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावं लागलंय, किंवा प्रत्येक घासाला ठसका लागतोय, अशा रुग्णाचा घसा रेडिएशनने पूर्ववत होईल अशी आशा धरू नये. स्वरयंत्र काढल्यानंतरही श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छोटी झडप (व्हॉल्व्ह) बसवून बोलता येतं, आणि अन्नाचा रस्ता हवेच्या रस्त्यापासून कायमचा वेगळा झाल्याने ठसक्याची भीतीही जवळपास संपते. स्वरयंत्र काढणं म्हणजे हरणं नव्हे. बिघडलेला अवयव हट्टाने ठेवण्यापेक्षा ते कित्येकदा बरं.

लवकर सापडलेल्या छोट्या गाठीचं गणित सोपं असतं: तोंडावाटे लेझर किंवा नुसतं रेडिएशन, दोन्हींपैकी एकच. स्वरतंतूवरच्या छोट्या गाठीला २.२५ ग्रेच्या २८ मात्रा, एकूण ६३ ग्रे, हा रुळलेला डोस आहे (ग्रे हे रेडिएशन मोजण्याचं एकक). टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी असलेल्या छोट्या गाठी रोबोटच्या साहाय्याने तोंडातूनच काढता येतात. अमेरिकेत याला २००९ साली मान्यता मिळाली. तोंडातल्या गाठीला, म्हणजे जीभ, गाल, हिरडी इथल्या, आजही आधी ऑपरेशनच करतात. तिथे डॉक्टरांना विचारायचं ते हे: जबड्याची फक्त कड काढून भागेल का, आणि पूर्ण तुकडा काढावा लागला तर पायाच्या नडगीशेजारच्या बारीक हाडाने तो भरून काढणार का?

रेडिएशन सुरू होण्याआधी

हाताशी बहुधा दोन-तीन आठवडेच असतात, म्हणून सुरुवात दातांपासून करा. जबड्याचा पूर्ण एक्स-रे काढून घ्या. जी दाढ पुढेमागे काढावी लागेल, ती आत्ताच काढा: रेडिएशनच्या किमान १४ दिवस आधी, जमलं तर २१ दिवस. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो, आणि मग दाढ काढलेली जागा भरत नाही, हाड उघडं पडून सडू लागतं. उरलेल्या दातांच्या मापाचे फ्लोराइड ट्रे बनवून घ्या. रोज रात्री दात घासल्यावर जेल भरून ते ५ ते १० मिनिटं लावायचे, नंतर अर्धा तास चूळ भरायची नाही, काही खायचं नाही. लाळ कमी झाली की दात मुळाशी किडतात, म्हणून हे आयुष्यभराचं काम आहे.

गिळण्याची तपासणीही आधीच करून घ्या, नाकातून दुर्बीण घालून किंवा बेरियम गिळतानाचा व्हिडिओ एक्स-रे काढून. "मला ठसका लागत नाही" या शब्दावर विसंबू नका. संवेदना कमी झालेल्या घशात पाणी बिनठसक्याचं फुप्फुसात जातं आणि कळतं ते न्यूमोनिया झाल्यावरच.

तोंड पूर्ण उघडून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजून वहीत लिहा. वजन लिहा. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध द्यायचं असेल तर ऐकण्याची आणि मूत्रपिंडांची तपासणी आधी हवी, कारण या औषधाने गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. मूत्रपिंडं किंवा कान सिस्प्लॅटिन सोसणार नाहीत अशा रुग्णांना दर आठवड्याला शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १५ मिलिग्रॅम डोसिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध रेडिएशनबरोबर देता येतं. नुसत्या रेडिएशनपेक्षा त्याचा फायदा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसला. तंबाखू आणि सिगारेट आजच बंद. उपचार चालू असताना ओढलेली सिगारेट रेडिएशनचा परिणाम कमी करते.

रेडिएशनच्या डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट विचारा. कानाखालच्या लाळग्रंथींना सरासरी किती डोस जाणार? एका ग्रंथीला २० ग्रेपेक्षा कमी, किंवा दोन्हींना २५ पेक्षा कमी राहिला तर तोंड कायमचं कोरडं पडण्याचा धोका बराच घटतो. आणि घशाच्या आवळणाऱ्या स्नायूंचं काय? गाठीच्या बाहेरच्या भागात त्यांचा सरासरी डोस ५० ग्रेच्या आत ठेवला तर वर्षभरानंतर गिळणं चांगलं राहतं, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या अभ्यासात दिसलं. गाठ त्या स्नायूतच असेल तर हे जमणार नाही, आणि जमवूही नये. गाठीचा डोस कमी करून अवयव वाचत नाही. एचपीव्ही या विषाणूमुळे झालेल्या कॅन्सरमध्ये सिस्प्लॅटिनऐवजी सेटुक्सिमॅब हे सौम्य वाटणारं औषध वापरून पाहिलं, तेव्हा दोन मोठ्या अभ्यासांत रुग्ण कमी जगले आणि त्रासही कमी झाला नाही.

सात आठवडे

नेहमीचा आराखडा असा: एकूण ७० ग्रे, ३५ मात्रांत, आठवड्यातले पाच दिवस. सोबत सिस्प्लॅटिन दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम, पहिल्या, २२ व्या आणि ४३ व्या दिवशी; किंवा दर आठवड्याला ४० मिलिग्रॅम. दर चौरस मीटरला एकूण २०० मिलिग्रॅम तरी पोचावं, असा प्रयत्न असतो.

एकही दिवस चुकवू नका. साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी झपाट्याने वाढू लागतात आणि लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता एक टक्का किंवा त्याहून थोडी जास्त घसरते. मशीन बंद पडलं किंवा ताप आला, तर "शेवटी एक दिवस वाढवू" यावर समाधान मानू नका. सुट्टीच्या दिवशी मात्रा घेता येते, किंवा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन.

वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर करा. वजन घटलं की रेडिएशनवेळी डोकं स्थिर ठेवणारा चेहऱ्याचा मास्क सैल होतो आणि लाळग्रंथी आतल्या बाजूला सरकून जास्त डोसाच्या भागात येतात. मास्कखाली मान हलतेय असं वाटलं तर तंत्रज्ञाला त्याच दिवशी सांगा. नवा स्कॅन काढून आराखडा बदलता येतो. रोज वजनाच्या दर किलोमागे ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला १८०० कॅलरी आणि ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं.

तोंड आलं की एक कप कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी गुळण्या करा. अल्कोहोल असलेला माउथवॉश वापरू नका. दुखण्याचं औषध जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या, जेवण नकोसं झाल्यावर नव्हे. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं तर घाबरून टाळू नका. वेदना आटोक्यात नसेल तर माणूस गिळणं सोडतो, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

घशाचे स्नायू काही आठवडे वापरले नाहीत तर बारीक होतात, आणि रेडिएशनमुळे त्यात तंतू धरून ते ताठरतात. नळी बसवली तरी तोंडाने काहीतरी गिळत राहा; तपासणीत सुरक्षित ठरलेलं दाटसर पातळ काही, तेही जमलं नाही तर दिवसभर आवंढे गिळा. उपचारांच्या काळात तोंडाने खात राहिलेले आणि व्यायामही केलेले रुग्णच पुढे सगळ्यात चांगलं जेवू शकले, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

व्यायाम

स्पीच थेरपिस्टकडून हे समोर बसून शिकून घ्या आणि रेडिएशनच्या आधीच सुरू करा. प्रत्येक प्रकार दहा वेळा, दिवसातून तीनदा, हे सुरुवातीला पुरेसं आहे.

जोराचा आवंढा: जीभ टाळूला घट्ट दाबून घशातली सगळी ताकद लावून गिळा, जणू मोठी गोळी पाण्याशिवाय उतरवायची आहे.

घाटी धरून ठेवणं: दोन बोटं घाटीवर, म्हणजे गळ्याच्या पुढच्या उंचवट्यावर, हलकी ठेवून आवंढा गिळा. घाटी वर उचललेली बोटांना लागेल. ती वर गेली की सोडू नका, घशाच्या स्नायूंनीच दोन-तीन सेकंद तिथेच रोखा, मग सैल करा. बोटांनी ढकलायचं नाही, बोटं फक्त जाणवण्यासाठी. पहिले काही दिवस घाटी लगेच खाली घसरते. आरशासमोर केलं तर लवकर जमतं.

जीभ दातांत धरून आवंढा: जिभेचं टोक पुढच्या दातांमध्ये हलकं धरा आणि लाळ गिळा. हा व्यायाम अन्न किंवा पाणी घेऊन कधीही करायचा नाही, ठसका लागेल.

डोकं उचलणं: उताणं झोपा, खांदे टेकलेले ठेवून फक्त डोकं उचला आणि पायांच्या बोटांकडे बघा. एक मिनिट धरा, एक मिनिट विश्रांती, असं तीनदा. मग न थांबता तीस वेळा डोकं वरखाली. गळ्याला छिद्र असेल किंवा मानेच्या मणक्याचा त्रास असेल तर हा करू नका.

जबडा: आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या सपाट लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांमध्ये ठेवा, ताण जाणवेल पण कळ येणार नाही इतक्या. ३० सेकंद धरा, पाच वेळा. आठवड्याला एक पट्टी वाढवा. अंतर ३५ मिलिमीटरच्या खाली जाऊ लागलं तर वाट न बघता दाखवा. एकदा आवळलेला जबडा सैल करणं फार कष्टाचं असतं.

तिसऱ्या आठवड्यात दुखू लागलं की व्यायाम सुटतात. तेव्हा संख्या निम्मी करा, पण शून्य करू नका. रेडिएशन संपल्यानंतरचे एक-दोन आठवडे कित्येकदा सगळ्यात वाईट जातात, हे घरच्यांना आधीच माहीत असू द्या, नाहीतर "उपचार संपले तरी बिघडतंय" म्हणून धीर सुटतो.

नंतर

पेट स्कॅन (PET, कॅन्सरच्या जागा चमकून दिसणारा स्कॅन) उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी करा. घाई केली तर रेडिएशनची सूजच कॅन्सरसारखी चमकते आणि नको ती चिरफाड होते. ५६४ रुग्णांच्या २०१६ सालच्या अभ्यासात असा स्कॅन करून थांबलेल्या गटात सुमारे ८० टक्के रुग्णांचं मानेचं ऑपरेशन टळलं आणि जगण्यात फरक पडला नाही.

हनुवटीखाली सूज राहिली तर फिजिओथेरपिस्टकडून मालिश शिकून घ्या. ती सूज आतही असते आणि गिळणं अडवते. थायरॉइडची टीएसएच तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करा. थकवा, वजन वाढणं, आवाज जड होणं हे सगळं थायरॉइड मंदावल्यानेही होतं. कधीही दाढ काढायची वेळ आली तर दंतवैद्याला रेडिएशन झाल्याचं सांगा आणि आधी रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोलायला लावा. पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी, दुसऱ्या वर्षी दर दोन ते सहा, पुढे पाच वर्षांपर्यंत दर चार ते आठ महिन्यांनी.

इम्युनोथेरपीबद्दल, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांबद्दल, हल्ली सगळेच विचारतात. ऑपरेशन करायचं ठरलेल्या काही रुग्णांना आधी आणि नंतर पेम्ब्रोलिझुमॅब द्यायला जून २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण ऑपरेशनऐवजी दिलेल्या केमो-रेडिएशनला इम्युनोथेरपी जोडून पाहिलेल्या मोठ्या अभ्यासांत अपेक्षित फायदा दिसला नाही, त्यामुळे स्वरयंत्र वाचवण्यासाठी म्हणून तिचा आग्रह धरू नका.

एका बाजूचा नवा कानदुखीचा त्रास आला आणि कानात काही सापडलं नाही, तर घसा तपासून घ्या, कारण घशातली कळ कानात जाणवते. आवाज पुन्हा घोगरा होत चालला, वजन उतरू लागलं किंवा जेवणानंतर खोकला येऊन ताप चढू लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.