सही सगळ्यात शेवटी बघा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा जुन्या घराच्या पेटाऱ्यात एखादं जुनं रेखाचित्र हाती आलं, की नजर आधी सहीवर जाते. फसगत तिथंच. सही कागदाची घडी ओलांडते तिथं भिंग धरा. शाई घडीच्या फुटलेल्या तंतूंत पसरली असेल, तर घडी आधीची, सही नंतरची! अतिनील टॉर्चखाली कागद निळसर-पांढरा चमकला, तर तो बहुधा १९५० नंतरचा. खोटी सही खोडू मात्र नका. जुने युरोपीय चित्रकार रेखाटनांवर क्वचितच सही करत. नावं पुष्कळदा मागाहून व्यापाऱ्यांनी घातलेली, चित्र अस्सलही निघतं. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांचं म्हणून कोणी काही विकत असेल, तर आधी पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास-संशोधन संस्थेतली त्यांची चित्रं निरखून या.