हवा येते, घुमघुमही येते: मेटामटेरियल सायलेन्सर बसवताना या चुका टाळा

पंख्यापुढे मेटामटेरियल सायलेन्सर, म्हणजे आवाज अडवणारी पोकळ्यांची कडी बसवली, हवा छान येतेय, पण घुमघुम जशीच्या तशी. अशा वेळी लोक वस्तूला नावं ठेवतात. बहुतेकदा चूक निवडीतच झालेली असते.

फोम किंवा ग्लासवूल वारंवारतेच्या बऱ्याच रुंद पट्ट्यातला आवाज शोषतं. अकूस्टिक मेटामटेरियल म्हणजे पदार्थापेक्षा आपल्या आकाराच्या जोरावर आवाज अडवणारी रचना; ती मात्र ठरावीक सुरासाठीच जुळवलेली असते. बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेली कडी पाहा. तिच्या मधून हवा सरळ निघून जाते. कडेच्या मळसूत्री वाटांतून आलेला ध्वनी मधल्या ध्वनीला विरुद्ध कलेत (एकाच्या चढावर दुसऱ्याचा उतार) गाठतो आणि दोघे एकमेकांना खोडतात. सुमारे ६० टक्के भाग उघडा असूनही हे जमतं, पण फक्त नेमलेल्या वारंवारतेच्या आसपास. ‘९४ टक्के आवाज बंद’ ही बातमी तेव्हा गाजली. ध्वनिऊर्जेतली ९४ टक्के घट म्हणजे साधारण १२ डेसिबल. फरक चांगला जाणवतो, पण त्याला शांतता म्हणता येत नाही.

म्हणून आधी सूर शोधा. पंख्याचे मिनिटाला १५०० फेरे आणि ७ पाती असतील, तर मुख्य सूर १५०० ÷ ६० × ७ = १७५ हर्ट्झचा. रेग्युलेटरने फेरे १२०० वर आणले की तो १४० वर उतरतो, आणि १७५ साठी घडवलेली कडी नुसती शोभेला उरते. वेग सतत बदलणार असेल, तर वेगवेगळ्या सुरांच्या पोकळ्या एकत्र हव्यात. आवाज नुसता ‘सूं’ असा, कुठेही शिखर नसलेला असेल, तर माझं सरळ मत: डक्टला (हवेच्या नळीला) आतून फोम लावा, मेटामटेरियलच्या नादी लागू नका.

सुरुवातीला चाललं, यंत्र तापल्यावर बिघडलं? ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर असतो, ६० अंशांना सुमारे ३६६. कडीचा सूरही त्याच प्रमाणात ६-७ टक्के वर सरकतो. पंख्याचा सूर फेऱ्यांवर ठरतो, तो जागेवरच राहतो. अरुंद पट्ट्याची रचना निकामी व्हायला एवढी तफावत पुरते. मोजणी चालू तापमानालाच करा.

कडी आणि डक्ट यांच्यातली बारीक फट ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित चूक. गॅस्केट लावा. थ्रीडी प्रिंट केलेल्या भागांत थरांमधूनही गळती होते, तेव्हा पोकळ्यांच्या भिंती घट्ट आहेत का तेही बघा.

नवीच शिट्टी ऐकू येऊ लागली तर पोकळीच्या तोंडावरून वारा वेगाने घासतोय; बाटलीच्या तोंडावर फुंकर मारतो तसंच. कडा गोल करा किंवा हवेचा वेग कमी करा. शिवाय अशा बऱ्याच रचना ध्वनी शोषत नाहीत, मागे परतवतात. त्यामुळे डक्टच्या दुसऱ्या तोंडाशी आवाज वाढला नाही ना, तिथेही आवाज मोजणारं मीटर धरा.

काही महिन्यांनी गुण ओसरला, तर वाटा उघडून धूळ काढा.