सवलतीतला हलका लॅपटॉप: घ्यावा की सोडावा?

एमआरपीवर ४० टक्के सूट म्हणजे काहीच कळत नाही. त्या किमतीला तो बहुधा कधी विकलाच गेला नव्हता. गेल्या तीन-चार महिन्यांत तो प्रत्यक्ष कितीला मिळत होता, ते बघा.

मग पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर रॅम (चालू कामांसाठीची तात्पुरती मेमरी) शोधा. सव्वा किलोच्या आसपासच्या लॅपटॉपमध्ये ती बहुतेकदा मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून ८ जीबीचा स्वस्त माल सोडा, १६ जीबी घ्या. एसएसडी (फाइली साठवणारी ड्राइव्ह) मात्र एम.२ स्लॉटमध्ये (काढता-घालता येणाऱ्या खाचेत) असेल तर बदलता येते, त्यामुळे २५६ जीबी चालेल.

प्रोसेसरच्या पिढीला भुलू नका. इंटेलचा बाराव्या पिढीचा आय५-१२३५यू आणि तेराव्या पिढीचा आय५-१३३५यू, दोन्हींत २ मोठे आणि ८ छोटे कोअर (प्रोसेसरचे प्रत्यक्ष काम करणारे भाग). पिढी बदलली तरी फरक किरकोळच. स्क्रीनपुढे ‘४५ टक्के एनटीएससी’ (स्क्रीन किती रंग दाखवू शकते याचं माप) लिहिलं असेल तर रंग फिके दिसणार. ब्राइटनेस किमान ३०० निट्स हवा.

रिफर्बिश्ड (वापरलेला, ठीकठाक करून पुन्हा विकायला काढलेला) असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘powercfg /batteryreport’ चालवा. त्यातून तयार होणाऱ्या अहवालातल्या फुल चार्ज कपॅसिटीला (बॅटरी आता किती भरते) डिझाइन कपॅसिटीने (नवी असताना किती भरायची) भागून १०० ने गुणा. उत्तर ८० च्या खाली आलं, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरा. इंटेलची आठव्या पिढीआधीची मशीन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत जवळपास नाहीतच, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशी मशीन कितीही स्वस्त मिळाली तरी नकोच.